सपाट रेष

मंगळावरच्या वसाहतीत सगळ्यांनी परतीचं सामान बांधायला घेतलं होतं. प्राणवायू बनवणाऱ्या यंत्रातली रुथेनियम धातू चढवलेली पावडर मेली, असा निर्वाळा प्रयोगशाळेचे प्रमुख घैसास सरांनी दिला होता. त्यांच्या हाताखालची हेमांगी मात्र धुमसत होती. सरांनी घाईघाईत पावडर खोलीतल्या हवेतून थेट गॅसच्या तपासणीला घातली होती. धातूवर गंज चढल्यावर तो गॅस धरणार कसा?

गंज उतरावा म्हणून तिने पावडरीला आधी गरम हायड्रोजनने न्हाऊ घातलं आणि मग तिच्यावरून कार्बन मोनॉक्साइडचा झोत सोडला. पावडर खरंच मेली असेल, तर झोत जसाच्या तसा बाहेर पडणार आणि बाहेर पडलेला गॅस मोजणारी पडद्यावरची रेष उंच उसळणार.

रेष सपाट राहिली. दुसऱ्या झोतालाही सपाटच.

मागे उभ्या असलेल्या सुलभा सिस्टरनी डोळे पुसले. त्यांची उभी हयात दवाखान्यात गेली होती.

"गेली का गं?"

"अहो सिस्टर, गेली कसली! सगळा गॅस पिऊन बसलीय!" हेमांगी ओरडली. "जिवंत आहे! आपण इथेच राहणार!"

सिस्टर बोगद्यातून धावत सुटल्या. सपाट रेषेची बातमी त्या जन्मात पहिल्यांदाच ओरडून, हसत, घरोघरी सांगणार होत्या.