पडद्यावरची शीर

निपाणीहून बेळगावला आणलेल्या रचनाच्या तान्ह्या लेकीला सलाईन लावायचं होतं, पण एवढ्याशा हातात शीरच गावेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं मशीन जवळ ओढलं, तशी रचना मध्ये येऊन उभी राहिली.

“पोरगीच हाय की. आता आनि काय बघताय?”

“शीर बघतेय, आक्का. सरका जरा.”

बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. आजवर कुणी वळवला नव्हता. बारीकसा काळा ठिपका दिसला, त्यात सुई गेली, सलाईन सुरू झालं.

रचना पडद्याकडं बघतच राहिली.

“हिच्या आधी दोनदा असंच मशीनवर बघून पोट पाडलं,” ती म्हणाली. “त्या दोघींनाबी शिरा हुत्या व्हय, बाई?”