सासूबाईंची बाटली

दोन्ही बश्या हिरव्या चमकल्या. चमकायला हवी होती एकच.

तिनं निळा दिवा बंद केला, पुन्हा लावला. असं केल्यानं जंतू जात नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण माणूस करून बघतो.

"थेंब बिघडले," साहेब म्हणाले आणि स्टुलावर बसले.

काचेच्या त्या बशीत तेलाचे हजारो थेंब होते, मोहरीहून कितीतरी बारीक. दूध चांगलं असलं की ते गुमान सरळ उभे राहतात. जंतू येऊन चिकटले की कलंडतात, आणि कलंडले की निळ्या उजेडात चमकायला लागतात. जुन्या पद्धतीनं जे कळायला दोन दिवस लागायचे, ते थेंब दोन तासांत सांगत. त्यांच्यापायी साहेबांनी चार वर्षं घासली होती. आणि आज ते बघायला तपासणी समिती शेजारच्या खोलीत चहा पीत बसली होती.

डाव्या बशीतल्या दुधात जंतू मुद्दाम मिसळले होते. उजव्या बशीत होतं सासूबाईंच्या बाटलीतलं दूध.

सासूबाई तिच्या, पण प्रयोगशाळेनं त्यांना दत्तकच घेतलं होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. घरातले चमचेसुद्धा उकळत्या पाण्यातून काढणार, गोठ्यावरचं दूध दोनदा उकळणार, आणि सुनेनं हात धुतले म्हटलं तरी हुंगून बघणार. तुलनेसाठी स्वच्छ दूध हवं होतं तेव्हा साहेबच म्हणाले होते, "तुमच्या सासूबाईंना सांगा, म्हणजे प्रश्नच मिटला." तेव्हापासून रोज सकाळी त्या स्वतः बाटली भरून तिच्या हातात देत. ती बाटलीही कधी जुन्या पद्धतीनं तपासून बघावी, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"घरच्या दुधात असणं शक्यच नाही," साहेब म्हणाले. "थेंबच चुकले. मी समितीला सांगून येतो, आज जमणार नाही म्हणून."

"एक मिनिट थांबा."

कोपऱ्यात तिसरी बशी होती. सकाळी गंमत म्हणून तिनं त्यात चहावाल्याचं दूध घेतलं होतं, पहाटेपासून उकळून उकळून कंटाळलेलं. ती बशी तिनं दिव्याखाली सरकवली. मनातल्या मनात ती म्हणत होती, चमका रे, तुम्हीही चमका. चार वर्षं ज्या थेंबांसाठी डोळे फोडले, ते आज खोटे ठरावेत असं तिला मनापासून वाटत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिसरी बशी काळोखी राहिली. एकही थेंब हलला नव्हता.

"म्हणजे थेंब बरोबर आहेत?" साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बरोबर आहेत की हो!"

"बरोबर आहेत. बोलवा त्यांना आत."

"मग तुमच्या त्या बाटलीत..." साहेब बोलता बोलता थांबले.

 हेच जंतू लहान मुलाच्या पोटात गेले तर मूत्रपिंडं निकामी करतात, हे समितीला समजावून सांगायचं काम तिचंच होतं. घड्याळात साडेतीनला पाच कमी होते. साडेतीनला शाळेतून आलेली तिची लेक चिऊ दूध प्यायची.

तिनं हातमोजे ओरबाडून काढले आणि घरी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग चिऊनंच उचलला.

"चिऊ, दूध प्यायलीस?"

"आता पिणारे. आजीनं ग्लासात ओतलंय."

"पिऊ नकोस. एक घोटसुद्धा नाही. हात लावू नकोस त्याला."

"का? तापवलंय ते."

"कोण म्हणालं तापवलंय?"

"मीच."

"तू तापवलंस?" ती जवळजवळ ओरडली. पाच वर्षांची पोर आणि गॅस!

"नाही गं. आजी विचारते ना मला. चिऊ, मी दूध तापवलं का गं? मग मी म्हणते, हो."

"तू बघितलं होतंस तापवताना?"

"नाही."

"मग हो का म्हणतेस, राणी?"

 चिऊनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं असावं, कारण नुसता श्वास ऐकू आला, आणि त्यामागून कुजबुज.

"नाही म्हटलं की आजी रडते. ओट्याशी उभी राहून रडते. मग भांडं धुते, परत विचारते, परत धुते."

पलीकडे सपातांचा आवाज जवळ जवळ येत होता. इकडे साहेबांनी दार उघडलं होतं, समितीची माणसं हसत, बोलत आत शिरत होती.

"आजी येतेय फोनवर," चिऊ म्हणाली. "तुलापण विचारेल. तू हो म्हण हां, आई."