उरलेला मजकूर

"आधी पाकीट दाखवा, मग पत्राचं बोलू," मदिनाबी म्हणाल्या. अभय पोंक्ष्यांना त्यांनी बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

विश्रांतवाडीतल्या त्या खोलीत पोंक्षे टपाल तिकिटांचा अल्बम छातीशी धरून उभे राहिले. मनातून चडफडत होते, पण अडला हरी! वीस वर्षांपूर्वी याच दारातून ते एक जुनं पाकीट घेऊन गेले होते. मदिनाबींचे आजोबा हजला गेले ते परतलेच नाहीत. जेद्दाहून आलेलं त्यांचं हे एकच पत्र. पाकिटावर तुर्की सुलतानाच्या अमलातलं तिकीट आणि टपालाचा शिक्का. आतलं पत्र पोंक्ष्यांनी तेव्हा परत केलं होतं. "हे ठेवा तुम्हालाच. नुसता कागद आहे."

आता तिकिटांच्या प्रदर्शनाच्या परीक्षकांनी शेरा मारला होता : शिक्क्यावरचं वर्ष लागत नाही, पुरावा जोडा. पुरावा म्हणजे पत्राच्या कोपऱ्यातली तारीख.

"अहो, पण पत्राचं तुम्ही करणार काय? उर्दू येतं का तुम्हाला?"

"नाही येत. म्हणून तर मौलवींकडून वाचून घेतलं." मदिनाबींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आजोबांनी लिहिलंय, कागद संपला, उरलेलं पाकिटाच्या आत लिहितो. तेवढं मला वाचून घेऊ द्या. मग हे पत्र तुमचं. फुकट."

इतका स्वस्त सौदा पोंक्ष्यांना जन्मात मिळाला नव्हता. तरी त्यांचा हात अल्बमवरून निघेना. शेवटी मदिनाबींनीच तो ओढून घेतला आणि खुणेचं पान उघडलं.

काळ्या पानावर दोन बोटं रुंदीचा चौकोन होता. तिकीट आणि शिक्का, तेवढंच. चारी बाजूंनी कापलेलं, डिंकाने घट्ट बसवलेलं.

"बाकीचं पाकीट?"

"तेव्हा नवशिका होतो मी. पानात मावत नव्हतं, टाकून दिलं." पोंक्ष्यांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. "आणि जुना कागद तो, माणसाने जपायचा तरी किती?"

मदिनाबींनी त्या चौकोनाच्या कापलेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग शिलाई मशीनवरची कात्री उचलून त्यांनी पत्राचा तारखेचा कोपरा कापला.

"अहो, काय करताय!" पोंक्षे ओरडले.

मदिनाबींनी तो तुकडा अल्बमच्या पानावर ठेवला.

"घ्या. मावेल बघा. बाकी नुसता कागद आहे."