उंबऱ्याशी आलेली गांडुळं

निपाणीतल्या जुन्या तंबाखू वखारीच्या जमिनीतलं विष उतरावं म्हणून दिव्यानं तिथं मोहरी पेरली, गांडुळं सोडली. ती गांडुळं रोज सकाळी शेजारी, दिव्याच्या आजीच्या, राजमतीआक्कांच्या उंबऱ्याशी पळून यायची. जीव तुडवला जाऊ नये म्हणून आक्का त्यांना कागदावर घेऊन परत मोहरीत सोडत.

"आज्जी, तुझ्याकडं काय गूळ ठेवलाय त्यांना?" दिव्या हसायची.

"त्या जागंत न्हाय ऱ्हायचं त्यास्नी. लई बायका खोकून मेल्या तिथं."

आज गांडुळं उलटी, घरातून बाहेर पळत होती. आत दिव्या झोपली होती.

"दिव्या, ऊठ गं! बाहेर ये!" आक्का दारात उभं राहून आत ओरडल्या.

"आले, आज्जी," म्हणून दिव्या खोकली.

आवाज आक्कांच्या पाठीमागून, मोहरीच्या मुळांखालून आला.