सोयाबीनचं आमिष

पिंजऱ्याचं दार पडलं तेव्हा आत बिबट्या नव्हता, भगवंत होता. पण असं काही घडलंच नाही, असं धरून चालू. कारण तोंडातला घास संपेपर्यंत भगवंतनेही तेच धरलं होतं. आपण इथं नाहीच, असा चेहरा करून तो चावत राहिला.

मटण झकास झालं होतं. म्हणजे ते मटण नव्हतं.

त्याची नात संस्कृती पुण्याला फूड टेक्नॉलॉजी शिकते. दिवाळीत आबाच्या छातीत स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरने मटण बंद केलं, तेव्हापासून ती सुट्टीला आली की सोयाबीनचं मटण करायची. बिटाच्या रसानं लाल केलेलं, काळ्या मसाल्यात मुरवलेलं, वर कोळशाचा धुंगार. ह्यात कोलेस्टेरॉल नाही, बोकडाला लागतं त्याच्या मानानं पाणी आणि रान किती कमी लागतं, असं ती वाढता वाढता सांगायची. भगवंतने ताट सरकवलं होतं. पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "खाईन तर मटण. न्हाईतर उपाशी मरंन, पण ही पेंड खानार न्हाई." त्यानंतर घरात चाखायची सोयच उरली नाही. ग्रामपंचायतीत लिपिक म्हणून जन्म काढलेला माणूस. एकदा नोंद झाली की झाली.

मग उसात बिबट्या दिसायला लागला. वनखात्यानं भगवंतच्या बांधाला पिंजरा लावला. आतल्या कप्प्यात बांधायची शेळी ज्याचं रान त्यानं द्यायची, अशी रीत. भगवंतची बायको प्रयागबाई म्हणाली, शेळी मिळणार नाही. बिबट्या नरडं धरतो म्हणून माणसांनी गळ्यात घालायला वस्तीवर काटेरी पट्टे वाटले होते, त्यातला स्वतःचा पट्टासुद्धा तिनं काढून शेळीला बांधला. "मला वरडता येतंय," म्हणाली, "तिला कुठं येतंय?"

शेवटी संस्कृतीनं तोडगा काढला, आमिष म्हणून पातेलंभर सोयाबीनचंच मटण ठेवू. वनरक्षक गोकुळनं बराच विचार केला आणि सांगितलं, आमिष शाकाहारी नसावं असं नियमात कुठं लिहिलेलं नाही.

पहिल्या रात्री बिबट्या पिंजऱ्याला प्रदक्षिणा घालून गेला. चिखलात पंजे उठले, पण आत एकही नव्हता. मसाला कमी पडला असेल, असं म्हणून दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं धुंगार वाढवला.

त्या दिवशी सूर्य टेकल्यावर भगवंत पाण्याची मोटार बंद करायला आला, आणि वास आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. एवढ्या मोठ्या शिवारात नात बघणार नाही अशी जागा एकच होती, ती म्हणजे पिंजरा.

आतल्या लोखंडी पाटावर पाय पडला की दार पडतं, हे त्यानंच अख्ख्या वस्तीला समजावून सांगितलेलं. पण गळ्यात काटेरी पट्टा असला की हनुवटी खाली जात नाही. माणसाला आभाळ दिसतं, समोरचं दिसतं. स्वतःचे पाय तेवढे दिसत नाहीत.

पातेलं संपल्यावर त्यानं दार हलवून पाहिलं. आतून उघडायची सोय नव्हती. बिबट्यांनी तशी कधी मागणी केली नव्हती. मोबाईल घरी चार्जिंगला होता. आता सकाळी गोकुळ येणार, सगळं गाव येणार, आणि नात पातेल्यात वाकून बघणार. त्यापेक्षा बिबट्या बरा, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात वारा नसताना ऊस हलला.

बिबट्या बाहेर आला आणि पिंजऱ्यापासून चार हातांवर बसला. पातेल्याकडे त्यानं बघितलंही नाही. भगवंतच्या छातीत धडधडायला लागलं. त्यात कोलेस्टेरॉलचा दोष नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण गजांच्या आत आहोत. सगळ्या तालुक्यात आत्ता आपल्याइतका सुखरूप माणूस नाही. त्याला जरा हसूसुद्धा आलं.

"अवो, कुठं हाये तुमी?"

प्रयागबाई. पाणंदीत बॅटरीचा उजेड हलत होता. बिबट्यानं मान वळवली.

भगवंत जीव खाऊन ओरडला, "येऊ नको!" पण ओझरच्या देवळात आरती लागली होती आणि भोंगा थेट ह्या उसापर्यंत पोचत होता. प्रयागबाईला आवाज कळला, शब्द नाही. तसे शब्द कळले असते तरी भगवंतने नको म्हटलं म्हणून ती आजवर कधी थांबलेली नव्हती.

"आले, आले. वरडू नका, छातीला तरास व्हईल."

बिबट्या उठला. पाणंदीच्या तोंडाशी गवतात पोट टेकून बसला, मग दिसेनासा झाला. भगवंतने गळ्यातला पट्टा ओरबाडून काढला आणि गजांतून तिच्या दिशेनं फेकला. तो पाच-सहा पावलांवर चिखलात पडला. विघ्नहर्त्याला हाक मारावी, तर तो आरतीत होता.

उजेड पुढं येत राहिला. गवतातून शेपटीचं टोक तेवढं वर होतं. तेही हलायचं थांबलं.

भगवंतने गज धरले, घसा साफ केला आणि जन्मभर ज्या भाषेत लोकांचे अर्ज लिहून दिले, त्याच भाषेत तो गवताकडे बघून बोलायला लागला.

"महोदय, अर्जदार स्वतः आत हजर आहे. सदर महिलेचा या प्रकरणाशी काहीएक संबंध नाही. तरी तिला यातून वगळण्यात यावे, ही नम्र विनंती."