फळीवरचा जावई

गुडघ्याला लावायचं मलम, नळी गुंडाळत गुंडाळत शेवटाला आलेली.

चष्म्याचं घर.

फळीवरच्या धुळीत उमटलेलं एक स्वच्छ गोल.

गोदामात छतापर्यंत खोकी.

फाटकाशी हॉर्न.

मलम आणि चष्मा पॅकिंगवाल्या मावशींचे. मालकाने त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली होती आणि आता तो त्यांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढून आत बघत होता.

"साहेब, डब्यात हेल्मेट मावतं का?" मावशी म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

फळीवर गोल होतं तिथे एक हेल्मेट असायचं. फळीवरची हेल्मेटं विकायची नसत. वेगळ्या साच्यातली, जाड कवचाची. सरकारी तपासनीस आला की त्यातलं एक यंत्राखाली जायचं, वरून वजन पडायचं, हेल्मेटवर ओरखडा उठायचा आणि गोदामातल्या सगळ्या मालाला शिक्का मिळायचा. मालक त्यांना जावई म्हणे. जावयाची बडदास्त ठेवायची, त्याला कामाला जुंपायचं नाही. आता एकच जावई उरला होता आणि आज तोही जागेवर नव्हता. हॉर्न तपासनीसाच्या गाडीचा होता.

"फळीपाशी तुम्हीच बसता ना? उद्यापासून येऊ नका," मालक मावशींना म्हणाला. "खाल्ल्या घरचे वासे मोजता."

चाचणीवाली यंत्रापाशी उभी होती. वजन सोडणं हे तिचं काम.

"मावशींच्या मागे कशाला लागलात? गोदाम भरलंय. त्यातलं कुठलंही ठेवा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे. ते घालून पडणाऱ्याचं राहणार नाही."

तिने जवळचं खोकं टराटरा फाडलं. हेल्मेट यंत्रातल्या लोखंडी डोक्यावर बसवलं. तपासनीस दारात आला आणि तिने वजन सोडलं. कवच अंड्याच्या टरफलासारखं फुटलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला.

तपासनीसाने तुकडे बघितले. मग मालकाकडे बघितलं.

"हे चुकून आलेलं दिसतंय. मी चहा घेतो. तोवर नमुना शोधा."

"शोधायचा कशाला? हाच नमुना," ती म्हणाली. "रस्त्यावर लोकांच्या डोक्यावर हाच आहे." मग ती थांबेचना. दोन साचे, पातळ कवच, आतलं खोक्यात भरतात तसलं थर्माकोल, चाचणीच्या कागदांवर ती स्वतः आजवर करत आलेल्या सह्या. सगळं बोलली. मशीनवरचे लोक काम सोडून ऐकत राहिले. तपासनीस चहाला गेला.

"आज संध्याकाळी हिशेब घेऊन जा," मालक तिला म्हणाला. "आणि चोर तर मावशीच."

मावशींनी मलम, चष्मा, डबा पिशवीत भरला. जाता जाता तिच्या गालावरून हात फिरवला.

"तुझ्यासारखी एक तरी आहे गं इथे."

ती वाकून फुटलेल्या कवचाचे तुकडे गोळा करू लागली.

गेल्या रविवारी तिच्या धाकट्या भावाने मोटरसायकल घेतली, तेव्हा फळीवरचं ते हेल्मेट तिनेच त्याच्या डोक्यावर चढवलं होतं आणि हनुवटीखालचा पट्टा दोनदा ओढून बघितला होता.