पासष्ट पौंड

"दाराच्या कडेची ही पट्टी कुणी वाचतच नाही," ड्वेन म्हणाला आणि केंटच्या पिकअपचं दार उघडून खाली वाकला. "बघा. माणसं, सामान, कुत्रं, सगळं धरून पंधराशे पौंड. त्याच्यावर एक पौंडसुद्धा नाही."

"पण हा पिकअप याहून मोठा ट्रेलर ओढेल," केंट म्हणाला. "माझ्या वडिलांनी याने बोट ओढलीय."

"ओढेल हो! ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलरची दांडी मागे टेकते ना, तिचाच भार सातशे. इथेच सगळे फसतात. आधी ट्रेलरच्या प्रेमात पडतात, मग पिकअप बसतो फतकल मारून."

केंटची बायको मार्नी हसली. प्रेमात ती केव्हाच पडली होती. डुलुथच्या रस्त्यावरच्या ड्वेनच्या अख्ख्या आवारात, चाकांवरच्या घरांसारख्या त्या सगळ्या ट्रेलरांत, मुलांसाठी एकावर एक तीन पलंग असलेला हा एकच होता, आणि तिला तो आजच हवा होता. दर जूनला शाळा सुटली की हे लुंडीन कुटुंब तळ्याकाठी तंबू ठोकायचं. यंदा तंबू नको, असं तिने घरी जाहीर करून टाकलं होतं. अजून मार्चचा बर्फही वितळला नव्हता, पण तिला धीर नव्हता.

ट्रेलरच्या आत तिन्ही मुलांचा दंगा चालला होता. वरचा पलंग कुणाचा, यावरून बहुतेक हातघाईची वेळ आली होती.

ड्वेनचं आयुष्य ट्रेलर विकण्यात गेलं होतं. बायका काय बघतात ते त्याला तोंडपाठ होतं. ही बाई जरा निराळी होती. पुढच्या खोलीतला मोठा पलंग त्याने "ही राणीसाहेबांची खोली" म्हणत कौतुकाने दाखवला, तर तिने आत डोकावलंही नाही. शेगडीपाशी मात्र ती रेंगाळली. दहा वर्षांच्या ब्रिनला हाक मारून तिचा हात शेगडीच्या मागच्या बटणापर्यंत पोचतो का, ते तिने दोनदा करून पाहिलं.

"आणि हा मागे घेताना?" तिने विचारलं. "केंटला एकट्याला जमेल?"

"एकट्याला कशाला? तुम्ही मागे उभं राहून हात हलवायचे, यांनी बरोबर उलटं चाक फिरवायचं, मग दोघांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं भांडायचं. अहो, त्याशिवाय सुट्टी लागल्यासारखं वाटत नाही!"

"मला ओरडायचा कंटाळा येतो. मागे कॅमेरा बसतो म्हणे. तो बसवा."

"बसवतो. तेवढाच संसार वाचेल."

केंट हसला नाही. गडी सकाळीच बायकोशी भांडून आलेला दिसतोय, असं ड्वेनच्या मनात आलं.

"चला, आता वजनं सांगा. लाजायचं नाही," तो म्हणाला.

केंटने आपलं सांगितलं. मुलांची मार्नीने धडाधड सांगितली, धाकट्याचं तर बूट घालून आणि बूट काढून. कुत्र्याचं सांगितलं. सायकली, खुर्च्या, बर्फाची पेटी झाली. ड्वेन फोनवर आकडे टाकत गेला.

"पासष्ट पौंड उरले. आता मॅडम, तुमचं?"

"माझं धरू नका."

"सगळ्या असंच म्हणतात! पण पासष्ट पौंडांची बाई मी अजून पाहिलेली नाही. एकशेचाळीस टाकतो, त्या जाडजूड कोटासकट. तर मग पंचाहत्तर जास्त. छे, नाही जमायचं. दोन पलंगांचा छोटा ट्रेलर घ्या, नाहीतर पिकअप बदला."

"पिकअप बदलू," केंट लगेच म्हणाला.

"वडिलांचा पिकअप? चावी देताना रडशील," मार्नी म्हणाली.

"मग छोटा ट्रेलर घेऊ. धाकटा आपल्यात झोपेल."

"नाही. तिघं एकत्र झोपली पाहिजेत. रात्री एक रडायला लागलं तर दुसऱ्याला कळलं पाहिजे."

"मी तुला सोडून हिशोब करणार नाही, मार्नी." केंटने तिचा हात धरला.

बायकोच्या वजनावरून इतका हळवा झालेला नवरा ड्वेनने पाहिला नव्हता. त्याला गंमत वाटली, थोडी दयाही आली.

"अहो, भांडता कशाला? पुष्कळ घरांत एकजण दुसऱ्या गाडीने मागून येतो. ती लाल गाडी तुमचीच ना, मॅडम? निवांत गाणी ऐकत या मागून. पोरांची कटकट नाही की नवऱ्याची नाही."

मार्नी क्षणभर त्या लाल गाडीकडे बघत राहिली.

"चालेल," ती म्हणाली. "मी मागून येतेय असं समजा."

केंटने पाठ फिरवली आणि पिकअपच्या चाकावरचा बर्फ बुटाने झाडू लागला. तो झडून गेल्यावरही त्याचा पाय थांबला नाही.

"ठरलं तर!" ड्वेन खुशीत म्हणाला. "आता बदल्यात काही जुनं देणार आहात? आम्ही तंबूसुद्धा नाकारत नाही."

मार्नीने हातमोजा काढला. जुडग्यातून घराची किल्ली वेगळी करायला तिला वेळ लागला, बोटं नीट चालत नव्हती. मग उरलेली चावी तिने ड्वेनच्या हातावर ठेवली.

"लाल गाडी घ्या."

ड्वेन मोठ्याने हसला. "अहो, आणि मग जूनमध्ये तुम्ही मागून येणार कशा?"

आतून ब्रिन जिंकल्यासारखी ओरडली. वरचा पलंग तिला मिळाला असावा. मार्नीने ट्रेलरच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणून तर म्हटलं, माझं वजन धरू नका. डॉक्टर एप्रिलच्या पुढचं काही बोलतच नाहीत."